ओल काढणारी मशीन

परत आलेलं पार्सल मी मामाजींपासून तीन आठवडे लपवून ठेवलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. मोहाडीत गावाच्या कडेला आमचं घर आहे आणि घराच्या मागच्या खोलीत त्यांचा हातमाग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी विणायची. बारा वर्षांचे असताना ते पहिल्यांदा मागावर बसले. आता सत्तरी ओलांडली, तरी सकाळचा चहा झाला की त्यांची पावलं तिकडेच वळतात. नवरा दिघोरीच्या शाळेत शिक्षक आहे, तिथेच खोली करून राहतो आणि शनिवारी घरी येतो. मुलगी नागपूरला होस्टेलवर. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघंच, आणि मागाची खटखट.

घर जुनं नाही. नऊ वर्षांपूर्वी बांधलेलं, सिमेंटचं, टाइल्स लावलेलं. पण ज्या जागेवर ते उभं आहे ती आधी धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत होती, आणि तीन बाजूंनी अजूनही बांध्याच आहेत. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपला की भिंतीपासून दहा पावलांवर पाणी साचतं आणि पुढचे कितीतरी आठवडे तिथेच राहतं. खालून ओल चढते. टाइल्सच्या वर हातभर भिंत काळपट होते, रंगाचे पापुद्रे सुटतात. मिठाच्या बरणीत पाणी, पापड मऊ, काडेपेटीच्या चार काड्या ओढाव्यात तेव्हा एक पेटते. इतकी वर्षं मी हे सगळं पावसाळ्याचा भाग म्हणून चालवून घेतलं होतं.

पार्सल पुण्याच्या एका बाईंकडून आलं. सोबत त्यांचा मेसेज होता: "साडी फारच सुंदर आहे. पण तिला वास येतो आणि घडीवर पांढरे ठिपके आहेत. रागावून नाही, तुम्हाला कळावं म्हणून परत पाठवते आहे."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्वयंपाकघराचं दार लावून मी ते उघडलं. मधाच्या रंगाची साडी, मरून काठ. पावसात भिजलेल्या पोत्यासारखा वास आला. आतल्या घड्यांवर बुरशीचे बारीक ठिपके, पीठ शिंपडल्यासारखे. ही साडी विणायला मामाजींना अठरा दिवस लागले होते. आणि ती व्यापाऱ्याला न देता फोनवरून थेट विकायची हा हट्ट माझा होता. मागच्या दिवाळीनंतर मीच म्हटलं होतं, "मामाजी, तुमच्या हातचं कापड तुमच्याच नावानं जाईल." त्यांनी दोन दिवस विचार केला आणि ज्या व्यापाऱ्याला आयुष्यभर माल दिला त्याला निरोप धाडला की आता देत नाही. हिवाळा, उन्हाळा छान गेला. हा या कामातला आमचा पहिलाच पावसाळा होता.

मधल्या खोलीतलं कपाट उघडलं. त्यात आणखी अकरा साड्या होत्या. एकेक काढून नाकाशी धरली. दोन साड्यांना तोच वास, हलका, पण तोच. मागच्या खोलीत माग चालूच होता. मी साड्या पुन्हा ठेवल्या, कपाट लावलं, परत उघडलं. त्या दिवशी भात दोनदा करपला.

तेव्हापासून माझं एका जागी बसणं बंद झालं. आधी कापूर ठेवला, कडुनिंबाचा पाला ठेवला, कोळशाची पुरचुंडी ठेवली. मग किराणा दुकानातून चुना आणून वाट्यांमध्ये भरून कपाटाच्या तळाशी मांडला. चार दिवसांत त्याचा चिखल झाला. कोणीतरी सांगितलं म्हणून पाणी ओढणाऱ्या दाण्यांचे डबे मागवले. तेही आठवड्यात भरले. मी फोनवर वाचत सुटले. सकाळी कणीक मळताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि वाचायचं. तिथेच कळलं की हवेतली ओल मोजता येते. घड्याळाएवढं एक मीटर मागवलं. मधल्या खोलीत ठेवलं तर सत्त्याऐंशी टक्के. स्वयंपाकघरात पंच्याऐंशी. मागाच्या खोलीत ब्याण्णव.

मामाजींनी ते मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"हे काय वेळ दाखवते का?"

"नाही मामाजी. हवेत किती ओल आहे ते दाखवते."

"मंग माह्या खोलीत किती?"

"ब्याण्णव."

ते खूश झाले. "म्हनूनच तार कशी लोण्यासारखी चालून राहिली," मागावरच्या धाग्यांवर हात फिरवून म्हणाले आणि खड्ड्यात उतरले. मी ऐकलं, आणि तरीही ऐकलं नाही. माझ्या डोक्यात फक्त साठच्या खाली हा आकडा होता. साठच्या खाली बुरशी धरत नाही, असं मी वाचलं होतं. मी एका वहीत दिवसातून चार वेळा आकडे लिहायला लागले. आकडे काही खाली येईनात. जेवताना उठून जायचे, कपडे वाळत घालता घालता मध्येच आत यायचे, मीटर पाहायचे.

मग ठरवलं, मशीनच घ्यायची. भंडाऱ्याला एका मोठ्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "ह्युमिडिफायर आहे ना मॅडम. हे पाहा, वाफ सोडते, लाइटपण लागते."

"मला उलटं पाहिजे. ओल काढणारी."

"ओल काढनारी?" त्याने दुसऱ्याला हाक मारून विचारलं. दोघांनी मिळून मला कूलर दाखवला. मग एसी दाखवला. शेवटी एक खोकं आणलं, पांढरं, छोट्या कळशीएवढं. "हे पाहा, हेच ते. एकच पीस आहे." मी खोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते न वाचता घेऊन आले. बसमध्ये मांडीवर धरून. ते घरी रात्रंदिवस चाललं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या टाकीत चहाच्या चमच्याने मोजावं एवढं पाणी होतं. मीटर म्हणालं सत्त्याऐंशी. ते यंत्र बंद कपाटासाठी असतं, उघड्या खोलीसाठी नाही, हे मला नंतर समजलं.

नवऱ्याला मी फोनवर सगळं सांगितलं. परत आलेल्या साडीचंही. तो म्हणाला, "बाबांना सांगितलं?"

"नाही."

"काहून?"

"कसं सांगू? त्यांनी माझ्या भरवशावर व्यापारी सोडला."

"शनिवारी येतो. तोवर घाई नको करू."

"घाई नको करू" हे त्याचं नेहमीचं वाक्य आहे आणि ते ऐकलं की माझी घाई वाढते. शनिवारपर्यंत मी तीन प्रकारच्या मशीनींची माहिती वहीत उतरवून काढली. तो आला आणि त्याने एसी सुचवला. त्यात कोरडी हवा करायची सोय असते म्हणे. मी वही पुढे केली. आमच्याकडे झडीच्या दिवसांत गरमी नसते, ओल असते. थंडगार खोलीत एसी किती चालणार? गॅसच्या कॉम्प्रेसरची मशीन पाहिजे, फ्रिजसारखी. ती दिवसाला किती लिटर पाणी काढते ते खोक्यावर लिहितात, पण तो आकडा गरम आणि एकदम दमट खोलीतला असतो. घरात त्याच्या निम्मं धरायचं. टाकी भरली की आपोआप बंद झाली पाहिजे. मागून नळी लावता आली पाहिजे. लाइट गेली आणि आली की स्वतःहून सुरू झाली पाहिजे, कारण आमच्याकडे पावसात लाइट दिवसातून पाच वेळा जाते. त्याने सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "चल, उद्या नागपूरला जाऊ."

मामाजींना आम्ही सांगितलं की साड्यांसाठी मशीन आणतो आहोत. का, ते सांगितलं नाही.

नागपूरच्या दुकानात दोन मशीनी होत्या. एक लहान, दिवसाला बारा लिटरची. एक मोठी, पंचवीसची. विक्रेत्याने खोलीचं माप विचारलं. मी माप सांगितलं आणि वहीतले आकडेही वाचून दाखवले, सकाळ दुपार संध्याकाळ. तो हसला. "तुमच्या खोलीला लहान पुरते, मॅडम. दार मात्र बंद ठेवावं लागते." नवराही म्हणाला, लहान घे. मी दोन्ही चालू करून पाहायला लावल्या. लहानीचा आवाज टेबलफॅनसारखा, मोठीचा जुन्या फ्रिजसारखा. सगळं लहानीच्या बाजूने होतं. पण माझ्या नाकात तो पोत्याचा वास होता. "मोठीच द्या," मी म्हटलं. अस्वस्थ माणूस माप नेहमी मोठंच घेतो.

पहिल्याच दिवशी तिने नऊ लिटर पाणी काढलं. स्वच्छ, नितळ पाणी. मामाजी बादलीपाशी उकिडवे बसून पाहत राहिले.

"हे कोठून आलं?"

"हवेतून, मामाजी."

"आपन एवढं पानी नाकानं ओढून राहिलो होतो?"

मी हसले. किती दिवसांनी हसले असेन. मधल्या खोलीतलं मीटर बहात्तरवर आलं होतं, संध्याकाळी छासष्टवर. मला धीर निघेना. वाटलं, नुसत्या त्या खोलीचं काय, सगळं घरच कोरडं करू. भिंती वाळतील, पापड कडक राहतील. मी मशीन ढकलत हॉलमध्ये आणली, घराच्या मधोमध, आणि आतली सगळी दारं उघडून दिली. बाहेरच्या खिडक्या बंद. आठवडाभर ती थांबली नाही. नळी मोरीत सोडली होती. आकडे उतरत गेले, साठ, पंचावन्न, एक्कावन्न. मी ते वहीत लिहिताना अक्षरशः गुणगुणत होते.

मागाची खटखट अधूनमधून थांबते आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आधी वाटलं, वय झालं, दमत असतील. मग एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर मामाजी ताण्यावर वाकलेले होते, म्हणजे मागावर लांबीत ताणलेल्या धाग्यांवर. डोळ्यांजवळ धागा धरून गाठ मारत होते. मारली, धोटा चार वेळा फेकला, आणि टक् करून दुसरीकडे तुटला. ते पुन्हा वाकले. खड्ड्यात, त्यांच्या पायांभोवती, ओली पोती अंथरली होती. आमच्याकडे विणकर ऐन उन्हाळ्यात, मे महिन्यात, असं करतात. हा भर पाऊस होता. बाहेर बांध्या तुडुंब होत्या आणि आत हा म्हातारा माणूस पोती ओली करून बसला होता.

"मामाजी, काहून तुटून राहिलं?"

"हवा कोरडी झाली, बाई. कोसा कडक होते. थोडा ताण पडला का तुटते."

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस झाले."

"मग तुम्ही मले काहून नाही सांगतलं?"

त्यांनी गाठ पूर्ण केली, मग मान वर केली. "तू एवढ्या हौसेनं आनली मशीन. म्हटलं, तिचा काही हिशोब असंल."

मी हॉलमध्ये गेले आणि मशीनचं बटण बंद केलं. मग कपाटाच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली ती साडी काढली आणि त्यांच्यासमोर आणून ठेवली. सांगितलं सगळं. पुण्याच्या बाई, मेसेज, तीन आठवडे. बोलताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. फक्त एकेक गोष्ट भराभर बाहेर पडत गेली, चुन्यापासून नागपूरपर्यंत.

मामाजी खड्ड्यातून वर आले. हात धुतले, पुसले, साडी उघडली. वास घेतला. घडी कुठे कुठे पडली होती ते बोटाने पाहिलं.

"कशात बांधली होती?"

"प्लास्टिकच्या पिशवीत. वरून चिकटपट्टी."

"खळ देऊन किती दिवस वाळली होती?"

मागावरून उतरलेल्या साडीला तांदळाची खळ देतात आणि मग दांडीवर सावलीत वाळवतात. मला आठवत होतं. "दोन दिवस," मी म्हटलं.

"मी किती सांगतलं होतं?"

"आठ."

पुण्याच्या बाईंच्या घरी कार्यक्रम होता. मीच त्यांना तारीख देऊन बसले होते. वरून कोरडी लागली, म्हणून घडी घातली आणि पाठवून दिली. ते आठ दिवस म्हणाले होते हे मी विसरले नव्हते, मला ते म्हातारपणाचं फाजील सावधपण वाटलं होतं.

"कोसा श्वास घेते, बाई," मामाजी म्हणाले. "पोटात पानी आन तोंड बांधलेलं. बुरा नाही लागनार तं काय होईल?" बुरा म्हणजे बुरशी. मग ते म्हणाले, "तुले काय वाटलं, मी चिडीन?"

"हो."

"चिडलोच आहे. पन कापडासाठी नाही. तीन आठवडे तू या घरात चोरासारखी फिरून राहिली, मी पाहत होतो. मले वाटलं, पोरीले काही बिमारी निघाली का काय. शाळेत फोन लावनार होतो."

मी ती साडी उचलली आणि दांडीवर पसरून टाकली.

पण सगळं माझंच चुकलं होतं असंही नव्हतं. मामाजींचं म्हणणं पडलं की मशीनची गरजच नाही, आठ दिवस वाळवा आणि सुती कापडात गुंडाळा, झालं. मी म्हटलं, कपाटातल्या ज्या दोन साड्यांना वास लागला त्या उन्हाळ्यातल्या आहेत, खडखडीत वाळलेल्या. त्यांना कसा लागला? पूर्वी साड्या घरात राहतच नसत, विणली की व्यापाऱ्याकडे. साठवायचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं.

म्हणून आम्ही कोशाच्या कापडाचे दोन तुकडे घेतले, एकाच थानाचे. दोन्ही सुती फडक्यात. एक मधल्या खोलीत, मशीन तिथे, दार बंद, आकडा पंचावन्नवर. दुसरा स्वयंपाकघराच्या फळीवर. मधल्या खोलीच्या दाराखाली नवऱ्याने रबराची पट्टी ठोकली. मागाच्या खोलीची बांधीकडची खिडकी मामाजींनी उघडून टाकली आणि दोन दिवसांत तिथला आकडा नव्वदवर गेला. मशीन आता थोडा वेळ चाले आणि स्वतःच थांबे. एवढ्याशा खोलीत तिला कामच उरलं नव्हतं. लहान मशीन पुरली असती. हे मी नवऱ्याला म्हटलं नाही आणि त्यानेही मला म्हटलं नाही.

पंधरा दिवसांनी मामाजींनी डोळे मिटून दोन्ही तुकड्यांचा वास घेतला. स्वयंपाकघरातला बाजूला ठेवला. "राहू दे तुही मशीन," म्हणाले. टाकीतलं पाणी मात्र ते मोरीत जाऊ देत नाहीत. लोट्याने खड्ड्याच्या कडेला शिंपडतात. पुण्याच्या बाईंना मी खरं काय झालं ते लिहून कळवलं आणि दुसरी साडी पाठवली; तिला पूर्ण आठ दिवस दांडीवर ठेवून. परत आलेली साडी मामाजींनी रिठ्याच्या पाण्यात धुतली. वास गेला, ठिपके नीट पाहिलं तर दिसतात. ती मी नेसते.

पोळ्याच्या आसपास गावातली एक विणकर बाई आली. नवरा-बायको दोघं विणतात, आमच्यापासून चार गल्ल्या सोडून. तिच्याही साड्यांना बुरा लागला होता. कोणाकडून तरी मशीनचं ऐकून आली होती.

"ताई, कोनती घेऊ सांगा. लहान का मोठी?"

मी वही काढली. मला केवढं सांगायचं होतं! लिटर, नळी, आवाज. पण आधी विचारलं, "माग कोणत्या खोलीत आहे तुझा?"

"खोली एकच हाय ताई."

"आणि साड्या?"

"त्याच खोलीत. पेटीत."

मी वहीची पानं उलटली. एका खोलीत माग आणि साड्या दोन्ही असतील तर काय करायचं, ते मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोरडी केली तर ताणा तुटेल, ओली ठेवली तर साडी जाईल. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी उठले, पाणी आणलं, परत बसले.

मागाची खटखट थांबली. मामाजी दारात आले, त्यांनी सगळं ऐकलं असावं. "पेटी घेऊन ये इकडे," ते तिला म्हणाले. "मधल्या खोलीत जागा आहे."

ती दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन आली. गावभर बातमी जायला वेळ लागत नाही; दसऱ्यापर्यंत तीन घरांच्या साड्या आमच्या मधल्या खोलीत होत्या, प्रत्येक घराची वेगळी फळी, सुती फडक्यांवर दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या. मोठी मशीन आता दिवसभर घुरघुरत असते. आणि मी? पूर्वी फक्त आमच्या अकरा साड्यांसाठी उठून जायचे. आता लाइट गेली की हातातलं काम टाकून त्या दाराशी जाऊन उभी राहते, आणि मशीनचा आवाज परत सुरू होईपर्यंत तिथून हलत नाही.